यादीत इमारत असते, डॉक्टर नसतो

तुमच्या आरोग्यविम्याचं कार्ड पाकिटात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे; पण उद्या सकाळी ज्या रुग्णालयाच्या दारात तुम्ही उभे राहाल तिथे ते चालतं का, हे तुम्ही शेवटचं कधी आणि कोणाला विचारलं होतं?

मी विचारलं नव्हतं. कधीच नाही आणि कोणालाच नाही. म्हणून माझं कॅन्सरचं ऑपरेशन ऐन वेळी रद्द झालं.

मी एकोणतीस वर्षांची आहे. भोपाळमध्ये जन्मले, इथेच वाढले. बाबा एका सरकारी कारखान्यात टर्नर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आई मूळची नागपूरकडची. आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रक वाचलं जायचं. मीही तेच करत आले. पोटासाठी महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग संस्थेसाठी इतिहासाच्या पुस्तिका लिहिते आणि उरलेल्या वेळात सभांमध्ये बोलते: ठेक्यावरच्या सफाई कामगारांचे पगार, वस्तीतलं पाणी, पाळणाघरं. तीन वर्षांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं होतं, ‘विमा नको, दवाखाना हवा’. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत गाठ वाढायची थांबत नाही. म्हणून त्या पत्रकात जे लिहायचं राहिलं, ते इथे लिहिते.

एक घोट पाणी

हिवाळा संपत आला होता. एका सभेतलं माझं भाषण मैत्रिणीने मोबाइलवर घेतलं. घरी येऊन मी ते पाहत बसले. खरं सांगायचं तर कौतुकानेच पाहत होते. मधे मी थांबून पाणी प्यायले आणि घोट गिळताना गळ्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी वर चढून खाली आलं. मी व्हिडिओ मागे नेला. पाच वेळा पाहिला. मग आईला दाखवला.

“दुखते का?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग उद्याच दाखवायचं. दुखत असतं तर दोन दिवस थांबलो असतो.”

सोनोग्राफी झाली. सुईने पेशी काढून तपासणीला गेल्या. रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघं अरेरा कॉलनीतल्या एका दवाखान्यात बसलो होतो. तिथे गळ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक सर्जन संध्याकाळी बसतात. मी त्यांना इथे नुसतं डॉक्टर मॅडम म्हणेन.

“थायरॉइड का कैंसर है,” त्या म्हणाल्या. “अच्छे वाले कैंसरों में गिना जाता है.”

मला ते आवडलं नाही. मी म्हणाले, “मैडम, जिसको हुआ है उससे पूछकर अच्छा कहा करिए.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “ठीक है. अच्छा नहीं कहूँगी. ठीक हो जाने वाला कहूँगी. चलेगा?”

“चलेगा.”

“काम क्या करती हैं आप?”

“लिखती हूँ. और बोलती हूँ, सभाओं में.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचलून रिपोर्टच्या मागे एक गोल काढला आणि त्याला चिकटून जाणारी एक रेघ. “ये गाँठ. और ये आवाज़ की नस. दोनों चिपके हुए लग रहे हैं. गाँठ तो निकलेगी. पर नस बचानी है, तो जल्दबाज़ी का काम नहीं है. और बहुत टालने का भी नहीं है.”

“नहीं बची तो?”

“तो आवाज़ बैठ जाएगी. हो सकता है हमेशा के लिए.”

कॅन्सर हा शब्द ऐकून मी बऱ्यापैकी शांत होते. या वाक्यानंतर तशी राहिले नाही. मरणाची भीती मला तेव्हा नीट कळलीच नव्हती. पण माईक हातात आहे, समोर माणसं बसली आहेत आणि गळ्यातून नुसती हवा येते आहे, हे मला लख्ख दिसलं.

डॉक्टर मॅडमच्या कामाचा मोठा भाग हीच ऑपरेशनं. त्यांनी पुढच्या गुरुवारची सकाळ दिली, एका मोठ्या खासगी रुग्णालयात. आम्ही होकार देऊन बाहेर आलो. स्कूटरपाशी पोहोचलो. मग आई म्हणाली, “भाजी घ्यायची आहे.” आणि आम्ही खरंच भाजी घेतली.

छापलेलं पान

विमा माझ्या संस्थेने काढलेला होता. सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून एकच पॉलिसी, माझ्या पगारातून त्याचा वाटा कापला जायचा. नोकरी लागली तेव्हा एक कार्ड आणि एक जाड पुस्तिका मिळाली होती. पुस्तिकेत पुढे नियम आणि मागे शहरवार रुग्णालयांची यादी. मी ती उघडलीही नव्हती. बाबांचा खासगी विम्याला विरोध. पण छापील कागद फेकायचा नाही हा त्यांचा नियम त्याहून मोठा. त्यांनी ती फायलीत लावून ठेवली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि भोपाळचं पान शोधलं. डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं रुग्णालय त्यात होतं. बाबांनी त्याखाली लाल रेघ मारली.

“आहे. पान एक्केचाळीस.”

“एकदा फोन करून पाहा ना,” आई म्हणाली.

“छापलंय गं ते. छापलेल्याला फोन कशाला?”

मीही तेच म्हणाले. आमच्या घरात पत्रक छापायला जाण्याआधी दोन माणसं अक्षर न् अक्षर वाचायची. चुकीचा आकडा गेला तर कारखान्याच्या गेटवर लोकांना तोंड दाखवायला जागा नसायची. त्यामुळे छापलेलं म्हणजे तपासलेलं, हे आमच्या रक्तात. भोपाळमधलं दुसरं कुठलंही घर असतं तर आधी एखाद्या ओळखीच्या कंपाउंडरला फोन गेला असता. आम्ही पान एक्केचाळीसवर विसंबलो.

उपाशी पोटी

गुरुवारी सकाळी सातला आम्ही रुग्णालयात पोहोचलो. रात्रीपासून पाणीसुद्धा बंद होतं. विम्याच्या खिडकीत एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते, इरफानभाई. रुग्णालयाचेच कर्मचारी, सगळ्या विमा कंपन्यांचे कागद त्यांच्याच हातून जायचे. त्यांनी कार्ड घेतलं, संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“मैडम, आपकी कंपनी का तो यहाँ कैशलेस बंद है. पिछले साल से.”

बाबांनी पुस्तिका काचेखालून पुढे सरकवली. “ये देखिए. पेज इकतालीस.”

इरफानभाईंनी लाल रेघ पाहिली. पुस्तिका आदराने मिटून परत दिली. “अंकल, किताब सही है. जब छपी थी, तब सही थी. नेटवर्क किताब में नहीं रहता. करार में रहता है, और करार रोज़ टूटते-जुड़ते हैं.”

तिथे उभ्या उभ्या मला पहिल्यांदा कळलं की नेटवर्क म्हणजे काय. कंपनी आणि रुग्णालय बसून भाव ठरवतात: या ऑपरेशनला इतके, या खोलीला इतके. ठरलं की रुग्णालय यादीत येतं आणि बिल रोग्याला न देता थेट कंपनीकडे पाठवतं. भाव फिसकटला की नाव यादीतून जातं. गेल्याची बातमी रोग्याच्या घरी कोणी पाठवत नाही. यादीबाहेरच्या रुग्णालयातही विमा अगदीच निकामी होत नाही. पण बहुतेक वेळा आधी सगळं आपण भरायचं आणि नंतर कागद जोडून मागत बसायचं. आणखी एक गोष्ट इरफानभाईंनी सांगितली. एकाच कंपनीच्या दोन पॉलिसींच्या याद्या वेगळ्या असू शकतात. शेजाऱ्याला चाललं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

तेवढे पैसे आधी भरायला आमच्याकडे नव्हते. इतकंच.

बाबांचा आवाज चढला. चाळीस वर्षं गेटवर बोललेला माणूस. “हा रोग्यांशी केलेला दगा आहे! भाव तुमचे, भांडण तुमचं आणि उपाशी कोण राहणार?” रागात ते मराठीत बोलत होते आणि खिडकीसमोरची सगळी रांग ऐकत होती.

इरफानभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. भाषा कळली नसेल, पण अर्थ कळला असावा. मग म्हणाले, “अंकल, आप सोलह आने सच कह रहे हैं. पर बिटिया कल रात से भूखी है. पहले इसको कुछ खिलाइए, फिर हम दोनों मिलकर नारे लगाएँगे.”

रांगेतलं कोणीतरी हसलं. बाबाही ओशाळले. कँटीनमध्ये पोहे-जिलबी होती. मी दोन प्लेटी पोहे खाल्ले. आई समोर बसून माझ्या गळ्याकडे पाहत होती. दर घासाला गाठ वर चढत होती.

यादीतला सर्जन

संस्थेच्या कार्यालयाने दुसऱ्या एका रुग्णालयाचं नाव दिलं. ते यादीत होतं. या वेळी आम्ही फोन करून खात्री केली. तिथले सर्जन साठीचे, सौम्य बोलणारे. त्यांनी रिपोर्टच्या प्रती वाचल्या, सोनोग्राफीच्या फिल्म उजेडात धरल्या आणि विचारलं, “पहले किसको दिखाया था?”

मी नाव सांगितलं.

“देखिए, मैं सब तरह की सर्जरी करता हूँ. थायरॉइड की भी करता हूँ, महीने में एकाध. सीधा केस होता तो कर देता. इसमें नस पास है.” त्यांनी फिल्म पाकिटात घातल्या. “आप उन्हीं के पास जाइए. मेरी बेटी होती तो मैं भी वहीं ले जाता.”

आलेला रोगी परत पाठवणं सोपं नसतं. त्या पाच मिनिटांसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. पण बाहेर आल्यावर मी जिन्यावर बसून रडले. आता डॉक्टर होती ती यादीबाहेर आणि यादीत होतं ते रुग्णालय मला घेत नव्हतं.

बाबांनी एका सरकारी रुग्णालयात चौकशी केली. तिथे अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळत होती. डॉक्टर मॅडमनी ‘बहुत टालने का भी नहीं’ असं म्हटलेलं कानात होतं.

घरातले आवाज

पुढचे चार दिवस घरात काय झालं ते लिहायला मला आवडत नाही. पण आजारपणात असं होतं आणि ते झालं म्हणून आपण वाईट माणसं ठरत नाही, हे कोणीतरी सांगायला हवं.

“मुळात तू असल्या कंपनीचा विमा घेतलास तिथेच चुकलं,” बाबा म्हणाले.

“मी घेतला नाही, पगारातून कापला गेला. आणि लाल रेघ तुम्ही मारलीत, मी नाही.”

“मी यादी वाचली. यादी खोटी निघाली, त्याला मी काय करू?”

“फोन करू! आई म्हणत होती ना! पण बायकांचं ऐकायचं ते फक्त पत्रकात!”

हे लागलं त्यांना. मला ते लागावंच असं वाटत होतं. मी आणखी बोलत राहिले, ओरडतच होते. शेवटी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“काहून ओरडून राहिली? जो आवाज वाचवायसाठी हे सगळं चाललं, तो तू इथंच संपवून टाक. मग ऑपरेशनची गरजच नाही.”

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी आईमार्फत बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर संत्रं सोलून ठेवलं. त्याला आमच्याकडे माफी म्हणतात. मी ते खाल्लं. त्यालाही माफीच म्हणतात.

न विचारलेला प्रश्न

पहिल्या रुग्णालयात भरतीसाठी दिलेले मूळ रिपोर्ट तिथेच राहिले होते. ते आणायला मी आणि बाबा गेलो. इरफानभाईंनी ओळखलं.

“हो गया ऑपरेशन?”

मी सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत माझी फाइल बांधत होते. अचानक थांबले.

“एक बात बताइए. आपने डॉक्टर मैडम से पूछा, वो और कहाँ-कहाँ ऑपरेट करती हैं?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे.

“और कहाँ मतलब?” बाबा म्हणाले. “वो तो यहाँ की डॉक्टर हैं.”

“यहाँ की?” इरफानभाई हसले. “अंकल, आप नौकरी कहाँ करते थे?”

बाबांनी कारखान्याचं नाव सांगितलं.

“तभी! एक गेट, एक हाज़िरी, एक शॉप. अरे खाँ, डॉक्टर लोग ऐसे नहीं चलते. गुरुवार यहाँ, सोमवार वहाँ, शुक्रवार तीसरी जगह. नेटवर्क में तो बिल्डिंग होती है, डॉक्टर थोड़ी होता है. बिल्डिंग बदल लीजिए, डॉक्टर वही रखिए.”

इतकं साधं होतं. आणि आम्हाला ते सुचलंच नव्हतं, कारण आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहिलेली माणसं. टर्नर हा त्याच्या शॉपचा, म्हणजे कारखान्यातल्या त्याच्या विभागाचा. कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर हा त्या दवाखान्याचा. तो निवृत्त होतो तेव्हा त्याला तिथेच हार घालतात. एखादी सर्जन आपली हत्यारं घेऊन आठवड्यात तीन दारांतून आत जाते, हे आमच्या जगात बसत नव्हतं. त्यामुळे रुग्णालय बाद झालं की डॉक्टर बाद, असं आम्ही तिघांनीही, एकदाही न बोलता, गृहीत धरलं होतं.

मी तिथूनच डॉक्टर मॅडमना फोन केला.

“हाँ, बुधवार को दूसरे अस्पताल में करती हूँ,” त्या म्हणाल्या. “नस जाँचने की मशीन भी साथ ले जाती हूँ. मैं तो सोच रही थी आपने इरादा बदल दिया. आपने पूछा ही नहीं!”

बाबांनी काचेखालून हात आत घालून इरफानभाईंचा हात धरला.  

या वेळी नीट

बुधवारच्या रुग्णालयासाठी आम्ही तीन ठिकाणी विचारलं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची यादी पाहिली. कार्डावरच्या नंबरावर फोन करून, आपला पॉलिसी नंबर सांगून, हे रुग्णालय याच पॉलिसीला चालतं का ते विचारलं आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घेतलं. मग रुग्णालयाच्या विम्याच्या खिडकीवर जाऊन तोच प्रश्न विचारला. तिन्ही उत्तरं जुळली तेव्हाच पुढे गेलो.

खिडकीवरच्या बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी कधीच विचारल्या नसत्या. बाहेरून येणारे काही सर्जन ठरलेल्या भावात काम करत नाहीत, वेगळी फी घेतात. म्हणून डॉक्टरला आधी विचारून ठेवा. मी विचारलं. डॉक्टर मॅडमना तो भाव मान्य होता. दुसरी गोष्ट खोलीची. माझ्या पॉलिसीत सहा खाटांची खोली बसत होती. बाबा म्हणाले, आपण वरचा फरक भरून एकटीची खोली घेऊ. बाई म्हणाल्या, “मत लीजिए. खोली महागडी घेतली की फरक फक्त खोलीचा नाही पडत, पॉलिसी तशी असेल तर बाकीच्या बिलातूनही त्याच प्रमाणात कापतात.” त्यांचं माहेर बऱ्हाणपूरचं, त्यामुळे मराठी येत होतं. मी सहा खाटांची खोली घेतली.

विमा कंपनीच्या परवानगीचा अर्ज आम्ही चार दिवस आधी पाठवला. कंपनीकडून एक प्रश्न आला: गाठ केव्हापासून आहे? मी व्हिडिओची तारीख लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी होकार आला.

सहा खाटा

रुग्णालयातल्या दिवसाला एक ठरलेली चाल असते. पाचला ताप-बीपी, सहाला फरशी पुसणाऱ्या मावशी, सातला चहा, ज्याला चहा बंद आहे त्याने वास घ्यायचा. मला ऑपरेशनसाठी नेलं तेव्हा आई म्हणाली, “ये लवकर,” जणू मी दळण आणायला चालले होते. मला त्यामुळे बरं वाटलं.

जाग आली तेव्हा गळा जड होता आणि कोणीतरी माझं नाव घेत होतं. डॉक्टर मॅडम वाकून म्हणाल्या, “कुछ बोलिए.”

आयुष्यात इतकं बोलले मी, आणि त्या क्षणी एक शब्द सुचेना. आठवडाभर जे सगळ्यांना सांगत होते तेच तोंडून आलं. मी माझा पॉलिसी नंबर म्हणाले. आकड्यामागून आकडा. आवाज सुपात खडे फिरावेत तसा येत होता. पण तो आवाज होता, नुसती हवा नव्हती.

“बस, बस,” डॉक्टर मॅडम हसत म्हणाल्या. “नस बच गई. बाकी नंबर कल.”

बाहेर त्यांनी आईबाबांना सांगितलं. 

माझ्या शेजारच्या खाटेवर रामकली नावाची चाळिशीची बाई होती. पित्ताशयाचं ऑपरेशन. विदिशाकडच्या गावातून आली होती. तिच्याजवळ सरकारी योजनेचं कार्ड होतं. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी ते घेऊन आईकडे आला. “बहनजी, ज़रा देखो, इसमें क्या लिखा है?” त्याला वाचता येत नव्हतं. ते दोघं याआधी दोन रुग्णालयांत जाऊन आले होते. पहिलं योजनेत नव्हतंच. दुसरं होतं, पण तिथे योजनेखाली फक्त डोळ्यांची ऑपरेशनं व्हायची. म्हणजे इमारत यादीत असूनही तिथला आपल्याला हवा असलेला विभाग यादीत नसतो, हेही मला तिथे कळलं. या फेऱ्यांमध्ये महिना गेला आणि पोटात पू झाला. तिसऱ्या ठिकाणी, इथे, तिला घेतलं तेव्हा ती चालूही शकत नव्हती.

आई म्हणाली, “भैया, किसी से फोन करवा लेते पहले.”

तो म्हणाला, “फोन तो है मेरे पास. पूछना क्या है, ये कौन बताए?”

मला बोलायची मनाई होती.  विम्याच्या विरोधात चार पानी पत्रक मी लिहू शकले होते. पण ‘पूछना क्या है’, हे ते लिहिताना मलाही माहीत नव्हतं. मला निदान इरफानभाई भेटले.

घरी सोडायचा दिवसही लांबला. सकाळी डॉक्टरांनी जा म्हटलं, पण कंपनीचा शेवटचा होकार यायला दुपार झाली. त्याची तयारी ठेवा. जेवणाचा डबा बरोबर असू द्या.

आता

गळ्यावर बोटभर लांबीची रेघ आहे. रोज सकाळी उपाशी पोटी एक गोळी घेते. पुढच्या तपासण्या चालू आहेत. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई मला “आ” आणि “ई” म्हणायला लावतात आणि बाबा शेजारच्या खोलीतून साथ देतात, जे कोणी त्यांना सांगितलेलं नाही. आवाज परत येतो आहे, पण हळू. माईकशिवाय तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतो. त्यामागच्यांना काही सांगायचं तर सध्या लिहावं लागतं.

प्रत्येक वस्तीत चांगला सरकारी दवाखाना असावा आणि कोणत्याही माणसाला याद्या शोधत हिंडावं लागू नये, ही माझी मागणी कायम आहे. ती मान्य होईपर्यंत रामकलीसारखी माणसं चुकीच्या दारांत उभी राहणार आहेत. त्यांची एक फेरी तुम्ही वाचवू शकता. म्हणून तुमच्याकडे एक काम मागते.

तुमच्या ओळखीतल्या एका माणसाचं कार्ड मागून घ्या. तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंचं, इमारतीच्या चौकीदाराचं, एकट्या राहणाऱ्या काकूंचं. ते धडधाकट असतानाच मागा. त्यांना शेजारी बसवून कार्डावरच्या नंबरावर फोन लावा आणि विचारा: घरापासून जवळची कोणती रुग्णालयं आज या कार्डाला चालतात? तिथे कोणकोणते विभाग या कार्डाखाली येतात? खोली कोणती मिळते? भरती व्हायच्या किती दिवस आधी कळवावं लागतं? उत्तरं त्यांना वाचता येतील अशा भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहा. वाचता येत नसेल तर तोंडपाठ करून घ्या. खाली फोनची तारीख घाला आणि सांगा की हे सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं आहे. शेवटी एवढंही सांगा: डॉक्टर पसंत असेल आणि रुग्णालय चालत नसेल, तर परत फिरण्याआधी डॉक्टरला विचारायचं, तुम्ही आणखी कुठे ऑपरेशन करता?

अर्धा तास लागेल. हे वाचून बाजूला ठेवण्याआधी त्या माणसाचं नाव ठरवा आणि त्याला निरोप पाठवा की उद्या कार्ड घेऊन या.